वहीतली नोंद खोडली, पोतं तिथंच

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार सकाळी मी सांगलीतलं माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. गारपिटीनं बाग झोडपली होती. पंचनाम्याला लागतील म्हणून त्यांनी फुटलेल्या मण्यांचे, झडलेल्या पानांचे, मोडून पडलेल्या काड्यांचे साठेक फोटो काढून ठेवले होते. दोन दिवसांनी मोबाईलवर ‘स्टोरेज फुल’ यायला लागलं, म्हणून धाकट्या पोरानं गॅलरी साफ केली. पोरगं हुशार, त्यानं कचरापेटीही रिकामी केली. “दादा, फोन गेला तरी चालंल, पण तेवढे फोटो काढून द्या.”

त्याच दिवशी दुपारी विश्रामबागेतल्या एक बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा होता. “मी सगळं डिलीट केलंय हो, पण ते खरंच गेलंय का?” त्यांना स्वतःच्या फोटोंची काळजी नव्हती. शिष्यवृत्तीच्या कामासाठी वर्गातल्या मुलांची आधार कार्डं आणि आईवडिलांच्या पासबुकांची पहिली पानं त्यांनी याच फोनवर काढली होती. चौतीस मुलं. ती कागदपत्रं कुणा अनोळखी माणसाच्या हाती लागली तर काय, हा त्यांचा घोर होता, आणि तो अगदी रास्त होता.

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक कळलंय. लोक असे दोन बाजूंनी येतात, पण विचारतात एकच गोष्ट: डिलीट केलं म्हणजे नेमकं काय झालं? याचं उत्तर पंधरा वर्षांपूर्वी वेगळं होतं, आज वेगळं आहे. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनंच उत्तर बसलंय, आणि त्यामुळे काहींचे पैसे जातात तर काहींची अब्रू. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझे वडील इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. गोदामात पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या असायच्या आणि कुठल्या गावच्या कुणाची किती पोती कुठल्या थप्पीला आहेत, हे वहीत असायचं. वही होती म्हणून गोदामाला अर्थ होता. आता समजा, वडिलांनी वहीतली एक ओळ खोडली. पोतं नाहीसं झालं का? ते थप्पीत होतं तिथंच आहे. फक्त कागदावर ती जागा मोकळी झाली. उद्या नवा माल आला की हमाल ते पोतं बाजूला करून तिथं दुसरं ठेवतील. तोवर पोतं आहे, नोंद नाही.

फोनमध्येही अशी वही असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. फोटो कुठल्या नावाचा, केवढा आणि चिपमधल्या कुठल्या कुठल्या जागी ठेवलाय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आपण डिलीट दाबतो तेव्हा खोडली जाते ती वहीतली नोंद. दोन जीबीचा पिक्चर फोनमध्ये घ्यायला काही मिनिटं लागतात आणि उडवायला क्षणही लागत नाही, त्याचं कारण हेच.

नोंद नसली तरी पोतं शोधता येतं. पोत्यावर मार्का असतो. वही हरवली तरी जाणता हमाल बॅटरी घेऊन गोदामात फिरेल आणि मार्के वाचून सांगेल, हा माल अमक्याचा. डेटा परत मिळवणारी सॉफ्टवेअर हेच करतात. प्रत्येक जेपीजी फोटोच्या सुरुवातीला ठरावीक बाइट असतात, शेवटी ठरावीक बाइट असतात. सॉफ्टवेअर वहीकडे न बघता पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत चालत जातं आणि हा मार्का दिसला की तिथून फोटो उचलतं. ‘फोटोरेक’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं हे काम इमानानं करतंय.

मेमरी कार्डावर ही युक्ती आजही चालते. एका लग्नाच्या फोटोग्राफरनं चुकून कार्ड फॉरमॅट केलं आणि रात्री दहाला मला फोन केला. मी एवढंच म्हणालो, कार्ड कॅमेऱ्यातून काढा, खिशात ठेवा, त्यावर एकही फोटो काढू नका. दुसऱ्या दिवशी जवळजवळ अख्खं लग्न परत मिळालं. त्यानं ‘चालतंय का बघू’ म्हणून त्याच कार्डावर अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढला असता, तर सप्तपदीच्या जागी तो व्हिडिओ बसला असता. डेटा गेल्याचं लक्षात आलं की त्या जागेवर नवं काही लिहायचं नाही, ही या कामातली पहिली शिस्त.

मग फोनच्या आतल्या मेमरीतूनही फोटो असेच का काढता येत नाहीत? इथून पुढं गोष्ट जरा आत शिरते, पण नीट वाचलीत तर पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

फोनमधल्या चिपला फ्लॅश मेमरी म्हणतात आणि तिचा एक विचित्र स्वभाव आहे. शाळेत अशा फळ्यांची रांग आहे असं समजा, ज्यांवर लिहिता एकेक ओळ येतं, पण पुसायचं झालं तर अख्खा फळाच पुसावा लागतो. मधली एक ओळ पुसून तिथं दुसरी लिहिणं शक्यच नाही. शिवाय प्रत्येक फळा ठरावीक वेळाच, साधारण काही हजार वेळा, पुसता येतो. मग तो झिजतो. म्हणून चिपच्या आत एक कारभारी बसवलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. एखादी ओळ बदलायची असली की तो जुन्या ओळीला हात लावत नाही. नवी ओळ दुसऱ्या कुठल्या तरी फळ्यावर लिहितो आणि आपल्या टिपणात लिहून ठेवतो: ती ओळ आता इकडं. जुनी ओळ तिथंच पडून राहते. फळ्यावर अशा निकामी ओळी फार झाल्या की उरलेल्या कामाच्या ओळी तो दुसरीकडं उतरवून घेतो आणि तो फळा एकदम पुसतो. सगळे फळे सारखे झिजावेत म्हणून लिखाण फिरवत ठेवतो. काही फळे तर त्यानं राखीव ठेवलेले असतात, ते फोनलासुद्धा दिसत नाहीत.

यातून दोन परिणाम निघतात आणि ते उलट दिशांचे आहेत. एक म्हणजे, आपण फोटोच्या ‘वर’ दुसरं काही लिहून तो नासवू शकत नाही. आपल्याला वाटतं वर लिहिलं, प्रत्यक्षात ते शेजारच्या फळ्यावर गेलेलं असतं. ‘३५ वेळा पुसून डेटा कायमचा नष्ट’ अशी जाहिरात करणारी अ‍ॅप आहेत. तो ३५ चा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या एका शोधनिबंधातला, तेव्हाच्या चुंबकीय हार्ड डिस्कसाठी. फोनच्या चिपशी त्याचा संबंध नाही. अशा अ‍ॅपनं चिप झिजते, खात्री काही मिळत नाही.

दुसरा परिणाम बागायतदारांच्या बाजूनं वाईट. फाइल उडवली की फोन कारभाऱ्याला निरोप पाठवू शकतो, की या ओळी आता नकोत, सवडीनं पुसून टाक. याला ट्रिम म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३ पासून फोन हे काम आपणहून करतो, आणि करतो कधी, तर रात्री, फोन चार्जिंगला लावून आपण झोपलेले असताना. आता तर काही फोन डिलीटबरोबरच निरोप धाडतात. बागायतदारांचे फोटो उडवून दोन रात्री झाल्या होत्या आणि दोन्ही रात्री फोन चार्जिंगला होता. गोदामात पोतं राहिलं असण्याची आशाच फार थोडी होती.

आणि राहिलं असतं तरी उघडलं नसतं. याचं कारण एन्क्रिप्शन, आणि सगळ्या विषयाची नाडी तिथं आहे.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे मोडीतले दोन कागद आहेत. लहानपणी ते हातात घेतले की वाटायचं, शब्द समोर आहेत, शाई दिसतेय, तरी आपल्यासाठी कागद कोरा आहे. फोनही आपली प्रत्येक फाइल अशाच न वाचता येणाऱ्या रूपात चिपवर लिहितो. पण मोडी शिकता येते, जाणकार माणूस वाचून देतो. ही लिपी शिकता येत नाही, कारण ती प्रत्येक फोनची वेगळी असते आणि फक्त त्या फोनच्या किल्लीनंच उलगडते. ही किल्ली बहुतेक फोनांत २५६ बिटची, म्हणजे अवघ्या ३२ बाइटची असते. पण अशा किती किल्ल्या संभवतात हे लिहायचं तर ७८ अंकी संख्या लागते. एकेक करून सगळ्या लावून बघू म्हटलं, तर जगातले सगळे संगणक लावूनही ते होणार नाही.

किल्ली बनते तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक आपला पिन किंवा पॅटर्न. दुसरा, प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला गुप्त आकडा, जो बाहेर काढायची सोयच ठेवलेली नाही. म्हणून आजच्या फोनची मेमरी चिप उपटून दुसऱ्या यंत्रात लावली तर काय मिळतं? नुसता गोंधळ. पूर्वी आम्ही डेड फोनची चिप काढून डेटा वाचायचो, ग्राहक देव मानायचे. आता त्या चिपला तिचा स्वतःचा प्रोसेसर आणि ग्राहकाला आठवणारा पिन, दोन्ही लागतात.

आयफोनमध्ये हार्डवेअरचं एन्क्रिप्शन २००९ च्या ३जीएसपासून आहे. अँड्रॉइडकडं ते हळूहळू आलं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून, पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनांना कारखान्यातूनच एन्क्रिप्ट होऊन येणं सक्तीचं झालं. स्वस्त फोन त्यातून सुटत होते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांपुरती ती सूटही संपली. हे वर्ष लक्षात ठेवा, जुना फोन विकताना उपयोगी पडेल.

त्याआधीची अवस्था काय होती, हे दोन घटनांवरून कळतं. २०१४ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीनं ऑनलाइन २० वापरलेले फोन विकत घेतले. ते मूळ मालकांनी साफ करूनच विकले होते. त्यांतून ४०,००० च्या वर फोटो परत निघाले, लहान मुलांसह असलेल्या कुटुंबांचेही. पुढच्या वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ जुने अँड्रॉइड फोन तपासले, २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे. फॅक्टरी रीसेट मारल्यावरही डेटा उरत होता, आणि बहुतेक फोनांतून गूगल खात्यात शिरायचा परवानाच निघाला. जगात अशी ५० कोटींपर्यंत उपकरणं असू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. रीसेट म्हणजे काही होत नाही, रीसेट मारलेल्या फोनमधूनही सगळं काढतात, ही जी भीती लोकांच्या मनात अजून आहे ती तिथली. त्या काळच्या त्या फोनांपुरती ती खरी होती.

आज रीसेट वेगळ्या तऱ्हेनं काम करतं. बाईंनी माझ्यासमोर रीसेट दाबलं आणि काही मिनिटांत फोन नव्यासारखा उभा राहिला. त्या दचकल्या. “१२८ जीबी एवढ्यात कसं पुसलं?” सगळं पुसलंच नाही, म्हणून एवढ्यात झालं. रीसेटमध्ये फोन ती ३२ बाइटची किल्ली नष्ट करतो. हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवाचं तोंड लिंपून टाकावं तसं. पेव मात्र पुन्हा उकरता येतं. इथं किल्लीच उरली नाही, तर आतलं सगळं असून नसल्यासारखं आहे. मालकालाही ते परत मिळणार नाही, कंपनीलाही नाही. रीसेट झालेल्या नव्या फोनमधून डेटा काढून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर त्याच्या दुकानातून उठून या.

बाईंचा फोन तीन वर्षांचा, अँड्रॉइड १२ वर आलेला, तेव्हा आतल्या मेमरीची चिंता नव्हती. पण मी सिमचा ट्रे ओढला आणि सिमशेजारी ३२ जीबीचं मेमरी कार्ड निघालं. त्या विसरूनच गेल्या होत्या. कॅमेऱ्याची सेटिंग ‘कार्डावर साठवा’ अशी होती. म्हणजे चौतीस आधार कार्डं त्या नखाएवढ्या तुकड्यावर, आणि साध्या वापरात कार्डाला एन्क्रिप्शन नसतं. रीसेट आपणहून कार्डाला हात लावत नाही. कार्ड संगणकाला लावून फोटोरेक चालवलं तर त्यांनी डिलीट केलेली पासबुकाची पानं एकामागून एक पडद्यावर यायला लागली. मी लगेच थांबवलं. बाईंचा चेहरा उतरला होता.

कार्ड संगणकावर पूर्ण फॉरमॅट करता येतं. ‘क्विक’ची खूण काढून फॉरमॅट केलं की विंडोज सगळीकडं शून्यं लिहितं आणि फोटोरेकला काही सापडत नाही. तरी ते राखीव फळे आठवा. तिथं एखादा तुकडा उरू शकतो. स्वतःच्या सहलीचे फोटो असते तर मी फॉरमॅटवर भागवलं असतं. दुसऱ्यांच्या लेकरांची कागदपत्रं असताना नाही. कार्डाची किंमत ती काय. पक्कड दिली, त्यांनी स्वतःच्या हातानं कार्डाचे तुकडे केले.

फोन विकण्याआधी मी काय करायला सांगतो, तेही ओघात सांगतो. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या फोनवर उघडून पाहायचा. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू झालं का, जुने संदेश आले का, हे बघायचं. यूपीआयच्या अ‍ॅपमधून बाहेर पडायचं. सिम आणि कार्ड काढायचं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खातं काढायचं, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करायचं, आणि सेटिंग्जमधूनच रीसेट करायचं. बटणं दाबून परस्पर रीसेट मारलं तर फोन सुरू होताना जुनंच खातं मागतो. चोरांना फोन वापरता येऊ नये म्हणून ठेवलेलं हे कुलूप आहे, अँड्रॉइडवर २०१५ पासून. मग घेणारा माणूस चार दिवसांनी दारात उभा राहतो. फोन अँड्रॉइड १० च्या आधीचा असेल तर सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात एन्क्रिप्ट करायचा पर्याय शोधा. आधी लांबलचक पासवर्ड ठेवून एन्क्रिप्ट, नंतर रीसेट. अशा फोनचे आता जे काही थोडेफार रुपये येतात त्यासाठी मी तर म्हणेन विकूच नका.

बंद पडलेल्या फोनचं काय? भंगारात दिला तर आतला डेटा तसाच आहे, भरवसा फक्त एन्क्रिप्शनवर आणि पिनवर. लॉकच न ठेवलेला फोन असेल तर कुणीतरी डिस्प्ले बदलून सरळ उघडेल. काही जण हातोडी घेऊन काच फोडतात. काचेत काही नसतं. डेटा आत बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. पण आत खिळा ठोकायला जाऊ नका, लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर भडका उडतो. दुरुस्तीवाल्याकडून आधी बॅटरी काढून घ्या, चिप आपल्यासमोर फोडून घ्या, उरलेलं ई-कचऱ्यात द्या.

पुन्हा बागायतदारांकडं येतो, कारण त्यांना नुसतं ‘होत नाही’ सांगून घरी धाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पोरानं तोवर मोबाईलवर तीन ‘रिकव्हरी’ अ‍ॅप घेतली होती. त्यांतल्या एकानं फोटो दाखवलेही, नखाएवढे, अंधूक. ही अ‍ॅप चिपपर्यंत पोहोचूच शकत नाहीत, अँड्रॉइड त्यांना तिथं जाऊ देत नाही. गॅलरीनं झटपट दाखवायला बनवून ठेवलेल्या छोट्या प्रती ती गोळा करतात आणि मोठे फोटो हवेत तर पैसे भरा म्हणतात. पैसे भरून मोठे होत नाहीत. वर प्रत्येक अ‍ॅप घेताना त्याच मेमरीत नवं लिखाण होत होतं.

आजच्या फोनमध्ये गेलेला फोटो चिपमध्ये शोधायचा नसतो, त्याच्या प्रती शोधायच्या असतात. मी नेहमी या क्रमानं जातो. गॅलरीची कचरापेटी, तिथं बहुतेक फोनांत ३० दिवस राहतं. गूगल फोटोजची कचरापेटी, बॅकअप झालेल्या फोटोंना ६० दिवस. आयफोनवर ‘नुकतेच डिलीट केलेले’, ३० दिवस. संदेश गेले असतील तर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. अँड्रॉइडवर ते रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत करतं आणि गेल्या काही दिवसांच्या प्रती ठेवतं. म्हणून संदेश गेल्याचं आज कळलं तर आजच हालचाल करायची.

बागायतदारांच्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू होता. तरी त्यात एकही फोटो नव्हता. बॅकअप वायफायची वाट बघत बसला होता! मोबाईल डेटावर बॅकअप घ्यायचा की नाही, ही सेटिंग वेगळी असते आणि सहसा बंद असते. रानात वायफाय कुठलं? वर्षभर फोनच्या कोपऱ्यात ‘वायफायच्या प्रतीक्षेत’ असं लिहिलेलं होतं आणि कुणी वाचलं नव्हतं. खेड्यांतल्या कितीतरी फोनांत हीच स्थिती मी पाहिली आहे. १५ जीबीची फुकट जागा भरली की बॅकअप थांबतो, ते आणखी वेगळं.

मग मी विचारलं, “दादा, हे फोटो कुणाला पाठवले होते का?” कृषी सहायकांना पाठवले होते, भावकीच्या ग्रुपवर टाकले होते. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप पाठवलेल्या फोटोची आपली एक वेगळी प्रत करतं आणि ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. ते फोल्डर गॅलरीत दिसत नाही, म्हणून पोराच्या साफसफाईतून सुटलं होतं. फाइल मॅनेजर उघडून अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सअ‍ॅप असं आत आत जात गेलो आणि तेवीस फोटो मिळाले. ते आकारानं कमी झालेले असतात, आणि फोटोत दडलेली जागेची नि वेळेची नोंद व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना काढून टाकतं. तरी चॅटमध्ये पाठवल्याची तारीख आणि वेळ होतीच. सरकारी कामाचा फोटो पाठवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

पाण्यात गेलेल्या फोनबद्दल सांगितल्याशिवाय सांगलीच्या माणसाला हा विषय सोडता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस आमच्या दुकानात चिखलानं भरलेले फोन येत होते. लोकांना फोन नको होता, आतलं हवं होतं. मेमरी चिप पाण्यानं मरत नाही. ओल्या बोर्डात वीज गेली की आजूबाजूचे भाग जळतात आणि गंज धावतो. ज्यांनी फोन बंदच ठेवून आणला त्यांचे बरेच बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन निदान डेटा काढण्यापुरते उठले. ज्यांनी ‘चार्ज होतोय का बघू’ म्हणून चार्जर लावला त्यांचे बहुतेक गेले. तांदळात ठेवून आतला चिखल आणि क्षार निघत नाहीत; अ‍ॅपलच्या सूचनांतही तांदूळ वापरू नका असंच लिहिलंय. आणि प्रोसेसर गेला की किल्ली गेली, मग चिप धडधाकट असून उपयोग नाही. त्या पंधरवड्यात हे वाक्य मला किती जणांना सांगावं लागलं, ते अजून आठवतं.

काही कामं मी घेत नाही. बायकोचा फोन आणून ‘हिचे डिलीट केलेले मेसेज काढून द्या’ म्हणणारे येतात. ज्याचा फोन त्यानं स्वतः येऊन लॉक उघडायचं, एरवी मी फोनला हात लावत नाही. दुरुस्तीला फोन देतानाही पिन सांगायची गरज दरवेळी नसते. काही फोनांत आता मेंटेनन्स मोड असतो, तो चालू केला की दुरुस्तीवाल्याला फोन चालवून बघता येतो, आपले फोटो नि संदेश दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये आहे का ते बघून ठेवा.

याच्या उलट एक प्रसंग येतो आणि तेव्हा माझा जीव खालीवर होतो. कुणी मुलगी येते, कुणीतरी धमकीचे संदेश पाठवतोय, फोटो पसरवीन म्हणतोय, आणि घाबरून तिला सगळं पुसून टाकायचं असतं. पोरी, पुसू नकोस. तेच संदेश तुझ्या बाजूचा पुरावा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये अशा नोंदी पुरावा म्हणून दाखल करायची रीत घालून दिलेली आहे. फोन रीसेट केला तर किल्लीबरोबर तो पुरावाही कायमचा जातो, पोलिसांच्या प्रयोगशाळेलाही तो परत आणता येणार नाही. स्क्रीनशॉट काढ, नंबर दिसेल असा, चॅट तशीच राहू दे, आणि घरातल्या एका माणसाला सोबत घेऊन सायबर पोलिसांकडं जा. पैशांची फसवणूक असेल तर १९३० वर लगेच फोन करायचा.

बागायतदारांच्या फोनमध्ये मी बॅकअपची सेटिंग मोबाईल डेटावर लावू का विचारलं. नको म्हणाले, डेटा पोरगं संपवतं. आता सांगलीला बाजाराला आले की दुकानात येतात, आमच्या वायफायला फोन जोडतात आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहतात. मधूनमधून पडदा माझ्यासमोर धरतात. “झालं का बघा ओ.” अजून चाळीस राहिलेत म्हटलं की चहा सांगतात.